बंद घर उघडताना गांधीलमाश्यांचे भान ठेवावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणेशचतुर्थी जवळ आली की मे महिन्याच्या अखेरीस कुलूप लागलेली कोकणातली घरे पुन्हा उघडू लागतात. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी ओटी झाडतात, जळमटे काढतात, माळ्यावरून मखराचे सामान उतरवतात, आणि याच धांदलीत वाशाला, पडवीच्या छपराला किंवा न्हाणीघराच्या दारामागे लागलेल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला कोणाचे तरी डोके, हात किंवा झाडूचा दांडा लागतो. पावसापासून पूर्ण आडोसा आणि माणसांचा वावर मुळीच नाही, अशी जागा या माश्यांना बंद घराइतकी चांगली क्वचितच मिळते. त्यामुळे पोळी लागतात यात नवल काही नाही. पण त्यांच्याशी आपण ज्या रीतीने वागतो, ती रीत बदलावी यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. या दिवसांत डंखाचे रुग्ण नेहमीच येत, आणि त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली: चुकून धक्का लागलेल्या माणसापेक्षा मुद्दाम पोळे काढायला गेलेल्या माणसाची अवस्था बहुतेक वेळा अधिक वाईट असे. कोणी भरदुपारी दगड मारलेला असे, कोणी शिडीवर असतानाच माश्या अंगावर आल्यामुळे खाली पडलेला असे, कोणी पलिता पेटवून स्वतःचाच हात भाजून घेतलेला असे. यातले बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे होते, आणि म्हणूनच ते पाहताना फार वाईट वाटे.

पहिली चूक होते ती ओळखण्यात. घराच्या आसपास दिसणारे प्रत्येक पोळे गांधीलमाशीचे नसते, आणि प्रत्येकाशी वागण्याची पद्धत वेगळी आहे. भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला वाळक्या मातीचे लहान घर दिसले, तर ते कुंभारमाशीचे असते. ही माशी एकटी राहते, तिची वसाहत नसते, आणि घराच्या रक्षणासाठी ती माणसावर धावून येत नाही. ती कोळी किंवा अळ्या डंख मारून लुळ्या करते, मातीच्या खोल्यांत भरते, त्यांवर अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. आत कोंडलेली अळी ध्यासाने भृंगी होते, असा जो दृष्टान्त संतवाङ्मयात वारंवार येतो, त्यामागे याच मातीच्या घरातून नवी माशी बाहेर पडताना पाहिलेली कोणाची तरी नजर असावी. प्रत्यक्षात ती अळी नव्या पिल्लाचे अन्न झालेली असते. असे घर नको असेल तर सुऱ्याने खरवडून काढावे आणि जागा पुसून घ्यावी. त्यासाठी औषध लागत नाही, आणि घाबरण्याचे तर काहीच कारण नाही.

याच्या अगदी उलट आग्या मोहोळ. उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा मोठ्या इमारतीच्या सज्जाखाली लटकणारे ते एकच मोठे, माश्यांनी झाकलेले पोळे असते. त्याला सामान्य माणसाने कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये, खाली जाळ करू नये, फटाके वाजवू नयेत. या मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे ती कातडीत अडकून राहते, आणि तिच्याबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना त्याच माणसाकडे ओढून आणतो. म्हणूनच आग्याचा हल्ला एका डंखावर थांबत नाही. भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी मधमाशी मात्र पेटीत हलवता येते. महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून प्रशिक्षण घेतलेले मधपाळ आता अनेक तालुक्यांत आहेत. त्यांना बोलावले तर घर मोकळे होते आणि माश्याही वाचतात.

आता ज्यांच्याबद्दल हे पत्र आहे त्या गांधीलमाश्या. त्यांचे पोळे करड्या, कागदासारख्या पदार्थाचे असते. जुन्या लाकडाचे तंतू कुरतडून, ते लाळेत मळून ही माशी तो कागद तयार करते. पोळे एका बारीक देठावर उलट्या छत्रीसारखे लोंबते आणि त्यातल्या खोल्या खालून उघड्या दिसतात. त्यात मध नसतो, अळ्या असतात. या माश्या दिवसभर परसातल्या वांग्यांवरच्या, भेंडीवरच्या, पावट्याच्या वेलावरच्या अळ्या पकडून पिल्लांना भरवतात, त्यामुळे वाटेपासून दूर, कुणाचे डोके पोहोचत नाही अशा ठिकाणचे पोळे तसेच राहू द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पोळ्याला धक्का लागत नाही तोवर गांधीलमाशी सहसा माणसाच्या वाट्याला जात नाही. गोठ्यामागच्या आंब्यावर उंच लागलेले पोळे काढण्यासाठी जीव धोक्यात घालणे हा शहाणपणा नव्हे.

यांपेक्षा आकाराने बरीच मोठी, काळसर अंगाची आणि पोटावर पिवळा किंवा नारिंगी पट्टा असलेली एक गांधील आपल्याकडे आढळते. तिचे पोळे बाहेरून सर्व बाजूंनी कागदी आवरणाने बंद असते आणि आत-बाहेर जाण्यासाठी एकच लहान तोंड असते. काही वेळा ते जमिनीतल्या बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत असल्यामुळे बाहेरून केवळ ये-जा करणाऱ्या माश्याच दिसतात. अशा पोळ्याला घरच्या माणसाने हात लावू नये. भिंतीतले भोक सिमेंटने किंवा बोळ्याने बुजवणे ही तर फार धोक्याची गोष्ट आहे, कारण कोंडलेल्या माश्या दुसरी फट शोधतात आणि ती घराच्या आत उघडत असेल तर सगळी वसाहत माजघरात येते.

थंडी पडली की माश्या आपोआप मरतील, तोवर थांबू, असा एक सल्ला अलीकडे मोबाइलवरून फिरताना दिसतो. तो बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. आपल्या घरांवर सर्रास आढळणाऱ्या गांधीलमाशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशके संशोधन केले आहे. दक्षिण भारताच्या हवामानात तिच्या वसाहती वर्षभर चालू राहतात आणि नवी पोळी कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले आहे. तेव्हा आपल्याकडे वाट पाहण्याने प्रश्न सुटत नाही; नजर ठेवण्याने मात्र पुष्कळ सुटतो. पोळ्याची सुरुवात बहुधा एखाददुसऱ्या मादीने आणि चार-सहा खोल्यांनी होते. त्या अवस्थेत ती माशी बाहेर गेलेली असताना लांब दांड्याच्या झाडूने पोळे पाडावे, देठाची खूण खरवडून ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी आणि पुढचे काही दिवस तिकडे लक्ष ठेवावे, कारण ती पुन्हा तिथेच बांधायला येते. घरात राहणाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा वळचण, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे झाकण, विजेच्या मीटरची पेटी, न वापरलेल्या नळ्यांची तोंडे आणि पालथ्या घातलेल्या कुंड्या पाहिल्या, तर मोठे पोळे होण्याची वेळच येत नाही. शहरातल्या सदनिकांत हीच तपासणी वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागाची आणि सज्जाच्या लोखंडी जाळीची करावी.

ज्यांचे घर महिनोन्महिने बंद असते त्यांनी कुलूप काढताच सगळ्यांना आत घेऊ नये. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना अंगणात थांबवून एका जाणत्या माणसाने दिवसाउजेडी, काहीही न हलवता, आधी वासे, रिपा, माळा, दारांच्या मागच्या बाजू आणि न्हाणीघर नजरेने तपासावे. माश्या कोठे जातात-येतात हे थोडा वेळ उभे राहून पाहिले की पोळे कोठे आहे ते कळते. त्या खोलीचे दार लावून घ्यावे आणि रात्रीपर्यंत तिकडे कोणी फिरकू नये. पोळे आज सापडले म्हणजे ते आत्ताच्या आत्ता काढले पाहिजे असे नाही. पाहुणे यायचे आहेत, मूर्ती आणायची आहे, ही घाईच माणसाला दुपारी शिडीवर चढवते.

हाताच्या तळव्याएवढे, उघडे, जमिनीवर उभे राहून लांबून पोहोचता येईल असे पोळे असेल, आणि ज्याला पूर्वी डंखाचा त्रास झालेला नाही असा धडधाकट माणूस असेल, तरच ते घरच्या घरी काढावे. वेळ अंधार पडल्यानंतरची किंवा उजाडण्यापूर्वीची निवडावी. तेव्हा बहुतेक सगळ्या माश्या पोळ्यावर बसलेल्या असतात आणि फारशा उडत नाहीत. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, त्यावर रेनकोट, पायमोज्यांत खोचलेली विजार, हातमोजे, रुंद काठाची टोपी आणि तिच्यावरून मच्छरदाणीचे कापड गळ्यापर्यंत घेऊन नीट बांधलेले, एवढी तयारी हवी. अत्तर किंवा सुगंधी तेल लावलेले नसावे. विजेरी हातात धरू नये, कारण उठलेली माशी उजेडाकडे झेपावते. ती बाजूला ठेवावी आणि तिच्यावर लाल पारदर्शक कागद बांधावा, कारण लाल उजेड या माश्यांना नीट दिसत नाही. पळण्याची वाट मोकळी ठेवावी आणि दुसऱ्या माणसाने दूर, पण हाकेच्या अंतरावर उभे राहावे.

औषधाची गरज अशा पोळ्याला लागत नाही. एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासण्याचा पातळ साबण मिसळून ते पाणी फवारपंपाने पोळ्याच्या थेट खाली न उभे राहता बाजूने जोरात मारावे. साबणामुळे पाणी माशीच्या अंगावरून ओघळून न जाता तिच्या श्वसनाच्या छिद्रांत शिरते आणि ती लगेच खाली पडते. पंप स्वच्छ असावा. ज्यातून आंब्यावर किंवा भातावर कीटकनाशक मारले आहे तो पंप घरात आणू नये. मीटर, उघडी वायर किंवा दिव्याचा होल्डर जवळ असेल तर साबणाचे पाणी मारू नये, आणि विजेच्या खांबावरच्या पोळ्याबद्दल महावितरणला कळवावे. खाली पडलेल्या माश्या लगेच पायाने चिरडू नयेत; चिरडल्याने सुटणारा वास उरलेल्यांना चिथावतो, आणि अर्धमेली माशीही डंख मारते. सकाळी, पोळ्यावर हालचाल नाही याची लांबून खात्री करून, ते काठीने गोणत्यात पाडावे आणि पुरून टाकावे. रात्री बाहेर राहिलेल्या काही माश्या एक-दोन दिवस त्या जागेभोवती घिरट्या घालतील. त्यांना हुसकावू नये; पोळे नाही म्हटल्यावर त्या निघून जातात.

आगीचा उपाय मात्र कायमचा बंद व्हायला हवा. कौलारू घराचे वासे आणि रिपा वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात, माळ्यावर पेंढा आणि सरपण असते, पलीकडच्या खोलीत गॅसची टाकी असते. पूर्वी रॉकेलात बुडवलेला पलिता वापरत; आता रॉकेल सहज मिळत नाही म्हणून काही जण पेट्रोल वापरतात, आणि पेट्रोलची वाफ ज्वाळेपासून दूर असतानाही पेट घेते. धूरही येथे उपयोगाचा नाही. धूर लागला की मधमाश्या पोळे सोडावे लागेल या धास्तीने मध पिऊन घेतात आणि काहीशा शांत होतात, म्हणून मध काढणारे धुरी देतात. गांधीलमाशीकडे पिऊन घ्यायला मधच नसल्यामुळे धुराने ती शांत न होता चवताळते. आपल्या आजोबांनी धुरी दिलेली पाहिली असेल, तरी ती कोणत्या माशीला दिली होती हे आठवून पाहावे.

काही घरांच्या माळ्यावर कीटकनाशकांच्या जुन्या बाटल्या असतात. मुंग्या, ढेकूण, गांधीलमाश्या अशा सगळ्यांवर पूर्वी सर्रास मारले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्णपणे बंद झालेले आहे, आणि ते बंद खोलीत फवारणे म्हणजे फवारणाऱ्यालाच विषबाधा करणे आहे. मोठ्या किंवा पोकळीतल्या पोळ्यासाठी कीडनियंत्रणवाल्याला बोलावायचे असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारावे. कीटकनाशके कायदा, १९६८ नुसार हा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो. कोणते औषध मारणार, खोली किती वेळ बंद ठेवायची, हेही त्याच्याकडून लिहून घ्यावे. सध्या वापरली जाणारी सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे पाण्यातल्या माशांना फार घातक असतात, म्हणून अंगणातली विहीर, घरातली मत्स्यपेटी, गुरांची दावण आणि स्वयंपाकाची भांडी आधी झाकून घ्यावीत.

डंख झालाच तर काय करावे, याबाबत गैरसमज अजून खूप आहेत. लोखंड घासणे, चुना लावणे, रॉकेल चोळणे, माती किंवा शेण थापणे यांपैकी कशानेही विष उतरत नाही. चुना डोळ्याजवळ लागला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि मातीशेणाने धनुर्वाताचा धोका वाढतो. गांधीलमाशीची नांगी सहसा अंगात राहत नाही, तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, म्हणून सर्वांत आधी तिथून दूर जावे. मधमाशीची नांगी राहिली असेल तर ती नखाने लगेच खरवडून काढावी. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाची पट्टी ठेवावी, आणि हाताला डंख असेल तर अंगठ्या व बांगड्या ताबडतोब काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. केवळ त्या जागेपुरती सूज, खाज आणि दुखणे असेल तर ते दोन-तीन दिवसांत उतरते.

परंतु डंखापासून दूरच्या अंगावर गांध्या उठणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलट्या होणे, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर एक मिनिटही घालवू नये. ही तीव्र ॲलर्जी आहे; ती एकाच डंखानेही होऊ शकते आणि बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात दिसते. अशा रुग्णाला चालवू नये. त्याला आडवे झोपवून पाय उंच करावेत, दम लागत असेल तर टेकवून बसवावे, आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. यावरचे खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी देऊन घरी बसून राहणे हा त्याला पर्याय नाही. ज्याला अनेक डंख झाले आहेत त्याला ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात न्यावे, कारण जास्त विषाने स्नायू आणि मूत्रपिंडे यांना इजा होते. लघवी तांबूस किंवा काळसर होणे, कमी होणे, ही लक्षणे एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात, आणि तोवर घरच्यांचे लक्ष सणाकडे गेलेले असते.

ग्रामपंचायतींना माझी विनंती अशी आहे की चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी वाडीवाडीच्या मोबाइल गटांवर ही सूचना द्यावी, तालुक्यातील प्रशिक्षित मधपाळ आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांचे क्रमांक फलकावर लावावेत, आणि जाळीच्या टोपीसह अंग झाकणारा एक संरक्षक पोशाख पंचायतीत ठेवावा. त्याचा खर्च फार नाही, आणि त्यावाचून वाडीतली धाडसी मुले डोक्याला टॉवेल गुंडाळून वर चढत राहतील. जूनमध्ये शाळा उघडताना व्हरांडे आणि स्वच्छतागृहे यांची तपासणी मुले येण्याच्या आदल्या दिवशी व्हावी. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे: अशा घटनांच्या बातम्यांत बहुतेक वेळा मधमाश्यांचा हल्ला एवढेच छापले जाते. ती आग्या होती की गांधील, पोळे कोठे होते आणि ते कशाने उठले, हे बातमीदाराने विचारून लिहिले तर वाचणाऱ्याला त्यातून स्वतःच्या घरापुरते काही घेता येईल.

शेवटची मागणी जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे आहे. ज्या वाड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पावसाळ्यात वेळेत पोहोचणे कठीण आहे, तेथील उपकेंद्रांत मुदतीतील ॲड्रेनालिन या काळात हाताशी असेल आणि ते कोणत्या लक्षणांवर, किती मात्रेत द्यायचे याची उजळणी सण सुरू होण्यापूर्वी सर्व आरोग्यसेविकांची करून घेतली जाईल, अशी व्यवस्था व्हावी.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी